लसींमधला गॅप आणि आमच्या घरातली तीन वेळापत्रकं

दोन लसींमध्ये किती दिवस सोडायचे हा प्रश्न मी गेल्या वर्षी ज्याला त्याला विचारत सुटले होते आणि प्रत्येकाने वेगळाच आकडा सांगितला. मेडिकलवाला म्हणाला पंधरा दिवस, शेजारच्या काकू म्हणाल्या महिनाभर तरी जाऊ दे, जाऊबाईंनी छातीठोकपणे ८४ दिवस सांगितले, आणि आमचे फॅमिली डॉक्टर म्हणाले, "एकाच दिवशी दोन्ही दंडात घ्या की, काय होतंय!" आता यातलं कोणाचं ऐकायचं? जाऊबाईंचे ८४ दिवस म्हणजे कोविशिल्डचे, २०२१ च्या मे महिन्यात दोन डोसमधलं अंतर १२ ते १६ आठवडे केलं होतं ना, तेव्हापासून तो आकडा आमच्या घराण्यात मुक्कामालाच आलाय. मेडिकलवाल्याचे पंधरा दिवसही तिथलेच, कोविडची लस आणि दुसरी कुठलीही लस यात सुरुवातीला १४ दिवस सोडायला सांगायचे, पुढे तो नियम गेला पण आकडा लोकांच्या तोंडात राहिला. काकूंचा महिना मात्र खरा निघाला, पण तो माझ्यासाठी नव्हता, लेकीसाठी होता. ते पुढे येईलच.

मला संधिवात आहे, रुमॅटॉइडवाला, म्हणजे वय झाल्यावर गुडघे दुखतात तो नाही, आपलीच प्रतिकारशक्ती सांध्यांवर उलटते तो. बरीच वर्षं मेथोट्रेक्सेट चालू आहे, ही प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी, आठवड्यातून एकदा, आमच्याकडे तिला शनिवारची गोळी म्हणतात. गेल्या हिवाळ्यात परत बोटं सुजायला लागली, सकाळी दुधाची पिशवी कापायला कात्री धरता येईना, तेव्हा संधिवाताच्या मॅडम म्हणाल्या की आता टोफासिटिनिब ही प्रतिकारशक्ती दाबणारी आणखी एक गोळी सुरू करू, पण त्याआधी तपासण्या आणि लसी. तपासण्या म्हणजे छातीचा एक्सरे, टीबीची, कावीळ बी आणि सी ची वगैरे. आणि लसींची एका छोट्या कागदावर यादी: नागीण, न्यूमोनिया, फ्लू, हेपॅटायटिस बी. खाली मोठ्या अक्षरात "लाइव्ह नको", म्हणजे जिवंत जंतूंच्या लसी नकोत, आणि ते दोनदा अधोरेखित.

मी विचारलं, मॅडम, या सगळ्यांत गॅप किती? तर त्यांनी मलाच उलट विचारलं, "कशाकशातला गॅप?" तेव्हा जरा चमकायलाच झालं. त्यांचं म्हणणं असं की लोक एकच प्रश्न विचारतात पण त्यात तीन वेगळे प्रश्न असतात. एकाच लसीच्या पहिल्या आणि दुसऱ्या डोसमधलं अंतर हा एक. दोन वेगवेगळ्या लसींमधलं अंतर हा दुसरा. आणि लस नि तुमचं औषध यांच्यातलं अंतर हा तिसरा, जो माझ्यासारख्यांनाच लागतो, बाकीच्यांना सहसा नाही. यातला दुसरा प्रश्न, ज्याची सगळ्यात जास्त चर्चा होते, तोच म्हणे सगळ्यात सोपा. मेलेल्या जंतूंच्या किंवा जंतूच्या नुसत्या तुकड्यापासून बनवलेल्या लसी एकमेकींच्या आड येत नाहीत, एका दिवशी घ्या, दुसऱ्या दिवशी घ्या, दहा दिवसांनी घ्या. जिवंत पण कमजोर केलेल्या जंतूंच्या दोन लसी असतील, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाची एमएमआर, कांजिण्यांची, यलो फिव्हरची, तर मात्र त्या एकाच दिवशी तरी घ्यायच्या नाहीतर मध्ये निदान २८ दिवस सोडायचे. कारण पहिली लस टोचली की शरीर चार-आठ दिवसांत विषाणूविरोधी पवित्र्यात उभं राहतं आणि तेवढ्यात दुसरा जिवंत विषाणू आत गेला तर त्याला वाढूच देत नाही, आणि तो वाढलाच नाही तर लस लागत नाही. एकदम दोघी गेल्या तर दोघींनाही सारखी संधी. माझ्या यादीत जिवंत लस एकही नसल्यामुळे मला ती भानगड नव्हतीच.

आता नागीण. आमच्याकडे नागीण म्हटलं की अजूनही "विळखा पूर्ण झाला की माणूस जातो" ही भीती आधी येते, माझ्या सासूबाईंना झाली होती तेव्हा गेरू लावायला एक बाई यायच्या. खरं तर लहानपणीच्या कांजिण्यांचाच विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी लपून बसतो आणि प्रतिकारशक्ती ढिली पडली की वर येतो. टोफासिटिनिबच्या जातीच्या गोळ्यांनी नेमका हा धोका वाढतो, म्हणून ही लस यादीत सगळ्यात वर. शिंग्रिक्स नाव, भारतात २०२३ पासून मिळते, पन्नाशीच्या पुढच्यांना दोन डोस, दोन ते सहा महिन्यांच्या अंतराने. एका डोसला दहा हजारांच्या वर, मेडिक्लेमवाल्यांनी अर्थातच हात वर केले.

इथे पहिल्यांदा कळलं की एकाच लसीचा गॅप माणसागणिक बदलतो. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतील किंवा व्हायची असतील तर दुसरा डोस एक ते दोन महिन्यांत घेतात. मॅडम म्हणाल्या, "तुमची बोटं बघता सहा महिने थांबायची चैन आपल्याला परवडणार नाही, महिन्याने दुसरा घ्या, मग गोळी सुरू करू." नवरा ६६ वर्षांचे, डायबेटिस आहे, त्यांनीही माझ्याबरोबर पहिला डोस घेतला पण त्यांना सांगितलं की तुम्हाला घाई नाही, दोन महिने तरी जाऊ द्या. त्यावर यांचं लगेच, "म्हणजे मला कमी दर्जाची लस दिली का?" बिल बघितलं तेव्हा शांत झाले, दोघांचं सारखंच होतं.

लस दोन बाटल्यांत येते, एकीत पावडर, दुसरीत द्रव, सिस्टर समोरच मिसळतात. टोचताना काही विशेष वाटत नाही. रात्री मात्र दंड असा भरून आला की त्या कुशीवर वळता येईना, अंगात कसकस, थंडी, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मी पांघरुणात. नवरा पूर्ण ठणठणीत, वर मलाच विचारतायत चहा कोण करणार. म्हणून सांगते, नियमाने शिंग्रिक्स, न्यूमोनिया, फ्लू सगळं एका दिवशी चालतं, जागा वेगळ्या ठेवायच्या एवढंच, पण मी न्यूमोनियाची लस मुद्दाम पुढच्या आठवड्यात घेतली. त्याला वैद्यकीय कारण शून्य. दोन्ही दंड एकदम गेले असते तर आधीच सुजलेल्या बोटांनी करायचं काय, म्हणून. हा फरक मला कोणी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं, कारण "आठवडा सोडा" असं कोणी म्हटलं की तो नियम आहे की सोय आहे ते कळतच नाही. ज्यांना लांबून यायचंय, पुन्हा कोण घेऊन येणार हा प्रश्न आहे, त्यांनी एकाच दिवशी उरकावं. गॅप ठेवायच्या नादात दुसरी लस राहूनच जाते असं मॅडमनी सांगितलं आणि ते पटण्यासारखं आहे.

न्यूमोनियाचं मात्र खरंच किचकट आहे. एक १३ वाली आणि एक २३ वाली, आकडा म्हणजे न्यूमोकोकस जंतूच्या किती प्रकारांवर चालते तो. मला वाटलं २३ जास्त आहे तर तीच घ्यावी, १३ कशाला. तसं नसतं. १३ वालीने शरीराला जास्त पक्की आठवण राहते, म्हणून आधी ती आणि नंतर २३ वाली. दोन्ही मेलेल्या, तरी एका दिवशी घ्यायच्या नाहीत, म्हणजे वरचा सोपा नियम इथे चालत नाही. मध्ये किती? माझ्यासारख्या प्रतिकारशक्ती दाबलेल्यांना निदान ८ आठवडे, यांच्यासारख्यांना एक वर्ष. एकाच घरात, एकाच लसी, एकाच दिवशी घेतलेला पहिला डोस, आणि दुसऱ्याच्या तारखेत दहा महिन्यांचा फरक! यांना परत संशय आला, पण आता बिलाचा इलाज माहीत होता.

आणि क्रम उलटा झाला, म्हणजे २३ वाली आधी घेतली, तर १३ वालीसाठी वर्षभर थांबावं लागतं, मग तुम्ही कोणीही असा. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांना एका मोठ्या हॉस्पिटलात, तेव्हा जी फ्रीजमध्ये होती ती म्हणून, २३ वाली आधी टोचली आणि घरी पाठवलं, आता बसलेत वर्ष मोजत. तेव्हा टोचायच्या आधी बॉक्सवरचा आकडा स्वतः वाचा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. आता १५ आणि २० वाल्याही निघाल्यात, २० वाली घेतली तर पुढे २३ वाली लागतच नाही, मिळत असेल आणि परवडत असेल तर डॉक्टरांना विचारून घ्या, निदान गॅपची कटकट तरी संपते.

या सगळ्यात लेकीचं अमेरिकेचं ठरलं, एमएसला, ऑगस्टमध्ये जायचं. युनिव्हर्सिटीचा लसींचा फॉर्म आला, चार पानी. तिची लहानपणीची पिवळी पडलेली फाइल माळ्यावरून काढली, त्यात नवव्या महिन्यात गोवर आणि पंधराव्या महिन्यात एमएमआर. मी म्हटलं झाले की दोन गोवरचे. तर नाही, त्यांना पहिल्या वाढदिवसानंतरचे डोस लागतात, नवव्या महिन्यातला ते धरतच नाहीत. शिवाय कांजिण्या तिला कधी झाल्या नाहीत, मग त्या लसीचेही दोन डोस, मध्ये निदान चार आठवडे. आणि टीबीची टेस्ट.

मोठ्या माणसांना लसी कुठे मिळतात हा एक वेगळाच प्रकार आहे. दोन-तीन हॉस्पिटलांना फोन केला, कोणाला पत्ताच नव्हता. शेवटी ज्या बालरोगतज्ज्ञांकडे ती तान्ही असताना नेत होतो त्यांच्याचकडे गेलो, कारण लसींचा कायम भरलेला फ्रीज त्यांच्याकडेच असतो. भिंतीवर जिराफ, आजूबाजूला भोकाड पसरलेली पोरं, आणि मध्ये साडेपाच फुटी माझी लेक लॅपटॉप उघडून बसलेली. फ्रीजच्या दारावर तापमानाचा लाल आकडा, ४.३, शेजारी तारीखवार वही, सकाळ-संध्याकाळ तापमान लिहिलेलं. लस २ ते ८ अंशांत राहायला हवी, म्हणून मेडिकलमधून साध्या पिशवीत घालून आणलेली लस ते टोचत नाहीत. मला हे फार आवडलं.

तर झालं काय, एमएमआर होती, कांजिण्यांची संपली होती, चार-पाच दिवसांत येणार होती. मी म्हटलं, सर, आज एमएमआर देऊन टाका, तेवढंच एक काम होईल, कांजिण्यांची आली की येतो. सर म्हणाले, "आज एमएमआर दिली तर कांजिण्यांची मी तुम्हाला २८ दिवसांच्या आत देणार नाही. मग तिचा दुसरा डोस त्याच्यापुढे अजून चार आठवडे. जुलै संपेल. आज काहीच घेऊ नका, स्टॉक आला की दोन्ही एकाच दिवशी घ्या, महिना वाचेल." म्हणजे आज घेतली तर उशीर आणि थांबलो तर लवकर! लेकीला पटकन कळलं, मला घरी येऊन कॅलेंडरवर पेनाने रेघा मारल्यावर कळलं. हाच तो काकूंचा महिना. जाऊबाईंचा मुलगा नोकरीसाठी केनियाला जाणार होता, त्यालाही मग फोन करून सांगितलं की यलो फिव्हरची घ्यायचीय तर एमएमआर वगैरे मध्ये घुसडू नकोस, आणि ते सर्टिफिकेट लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, तेव्हा तिकिटाच्या आदल्या दिवशी धावू नकोस.

टीबीच्या टेस्टचंही तसंच. एमएमआरनंतर काही दिवस ती टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून लसीच्याच दिवशी तरी करायची नाहीतर चार आठवड्यांनी. आपल्याकडे टीबीची बीसीजी लस घेतलेली असते त्यामुळे हातावर टोचून करतात ती मान्टू टेस्ट टीबी नसतानाही फुगू शकते, म्हणून तिची रक्ताची केली, लस टोचायच्या दिवशीच सकाळी रक्त देऊन मग सरांकडे. टोचायच्या आधी सरांनी प्रश्न विचारले, गेल्या वर्षभरात रक्त, प्लाझ्मा चढवलंय का (दुसऱ्याच्या रक्तातल्या अँटीबॉडी जिवंत लसीला मारून टाकतात, तसं असेल तर कित्येक महिने थांबावं लागतं), स्टेरॉइड चालू आहे का, प्रेग्नन्सी नाही ना आणि पुढचा महिनाभर नको. हा शेवटचा प्रश्न त्यांनी, जिला ते आठव्या दिवसापासून बघतायत, तिच्याकडे न बघता फ्रीजकडे बघून विचारला. लेक म्हणाली, "नाही काका." मी जिराफ बघत होते.

माझ्या गोळ्यांमुळे मीही विचारून घेतलं की हिच्या कांजिण्यांच्या लसीचा मला त्रास नाही ना. नाही, घरच्यांनी घ्याव्यातच, फक्त लसीनंतर तिच्या अंगावर पुरळ आलं तर ते बरं होईपर्यंत मी जरा लांब राहायचं. आलं नाही.

फ्लूची मी जूनमध्ये घेतली, आपल्याकडे पावसाळ्यात साथ वाढते म्हणून त्याच्या तोंडावर. ती दरवर्षी, कारण विषाणू बदलतो आणि लसही बदलते. आणि इथे तो तिसरा प्रश्न आला, औषध आणि लस यांचा. मेथोट्रेक्सेटने फ्लूची लस नीट लागत नाही, म्हणून लसीनंतर दोन आठवडे शनिवारची गोळी बंद, दक्षिण कोरियात अभ्यास करून हे काढलंय म्हणाल्या मॅडम. पण हे फक्त फ्लूपुरतं, आणि सांधे आटोक्यात असतील तरच. नागीण, न्यूमोनियासाठी त्यांनी गोळी एकदाही बंद करू दिली नाही. कृपया हे वाचून कोणी आपल्या मनाने गोळ्या बंद करू नका, आपल्या डॉक्टरांना नुसतं विचारा की मी थांबवू का.

हेपॅटायटिस बी म्हणजे आमच्या सोसायटीतलं जुनं प्रकरण. नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली शिबिरं व्हायची आठवतंय का, स्वस्तात कावीळ बी ची लस, शून्य, एक, सहा महिने. आमच्याकडे पहिले दोन डोस झाले आणि तिसऱ्याला शिबिर भरलंच नाही, ज्यांनी पैसे गोळा केले होते ते गृहस्थ बदली होऊन गेले. कार्ड मात्र मी जपून ठेवलेलं. मला वाटलं आता इतक्या वर्षांनी पहिल्यापासून सुरू करावं लागेल. तर नाही! राहिलेला डोस तेवढा घ्यायचा, आधीचे दोन वाया जात नाहीत. मॅडमच्या म्हणण्याप्रमाणे उशीर झाला तर लस माफ करते, घाई केली तर करत नाही, ठरलेल्या किमान अंतराच्या आधी घेतलेला डोस धरत नाहीत आणि तो परत घ्यावा लागतो. अपवाद म्हणजे कुत्रं चावल्यावरची रेबीजची. तिथे उशीर अजिबात नाही, ठरलेल्या तारखा पाळायच्याच आणि आदल्या दिवशी दुसरी कुठली लस घेतलीय का हे बघत बसायचं नाही. हेपॅटायटिस बी च्या तिसऱ्या डोसनंतर महिना-दोन महिन्यांत अँटीबॉडी टायटर, म्हणजे रक्तात अँटीबॉडी किती झाल्या त्याची तपासणी, करायला सांगतात, १० च्या वर पाहिजे. माझा चांगलाच वर आला.

मध्येच यांनी विळीवर पपई कापताना अंगठा कापून घेतला. न्यूमोनियाची लस घेऊन चार दिवसच झालेले, त्यामुळे हे अंगठ्याला फडकं गुंडाळून डॉक्टरांना आधी विचारतायत, "धनुर्वाताचं आत्ता घेतलं तर चालेल ना, गॅप?" डॉक्टर हसले, म्हणाले त्याला कसला गॅप. पण मग त्यांनी विचारलं शेवटचं कधी घेतलं होतं. हे म्हणाले, "सहा महिन्यांच्या वर झालं." आपल्याकडे हा एक समज आहेच, टीटी सहाच महिने चालतं, म्हणून जरा खरचटलं की टीटी. खरं तर लहानपणचे डोस पूर्ण असतील तर साध्या स्वच्छ जखमेला दहा वर्षं आणि घाणेरड्या जखमेला पाच वर्षं आधीचा डोस पुरतो. उगाच वरचेवर घेत राहिलं की दंड जास्त सुजतो एवढंच. यांनी दोन वर्षांपूर्वीच घेतलं होतं म्हणून नुसतं ड्रेसिंग करून परत पाठवलं, वर सांगितलं की पुढच्या वेळी नुसतं टीटी घेण्यापेक्षा घटसर्प आणि डांग्या खोकलाही असलेली एकदा घ्या, मग दर दहा वर्षांनी.

आता फ्रीजच्या दारावर तीन कागद लावलेत. लेकीचा पूर्ण झालाय, ती गेलीसुद्धा, कागद मीच काढला नाही. माझ्या कागदावर २३ वालीला टिकमार्क आहे, ती पाच वर्षांनी परत एकदा घ्यायचीय. यांच्या कागदावर २३ वाली वर्ष भरल्यावर, ते आता पुढच्या महिन्यात भरतंय. आमच्या मेडिकलवाल्याकडे ती सध्या येत नाहीये, तेव्हा नाशिकमध्ये कुठे मिळत असेल, आणि फ्रीज नीट बघून घेतलेल्या ठिकाणी, तर सांगा.